गैरअर्जदार क्रमांक तीनचं वकीलपत्र

मोरदर, ता. बागलाण
११ जानेवारी २०२५

वकील सुवर्णाबाई गायखे यांना मोरदरच्या धोंडाबाई खैरनारचं सांगणं असं, की कोर्टाचा कागद पोचला. पोस्टमनने सही घेतली आणि तोंड पाडून गेला, जसा काही मी त्याच्यावरच दावा लावलाय.

माझी नातसून पल्लवी हिने आम्हा तिघांवर छळाचा अर्ज केलाय. एक नंबर माझा नातू रविराज, दोन नंबर माझी सून उज्वला, तीन नंबर मी. माझ्या मुलाला नंबर नाही, कारण तो घरात बोलतच नाही. न बोलणारा माणूस कुठंही सुटतो.

रविराज म्हणाला, "आजी, तुला वकीलपत्र द्यावं लागंल. शिरोडे वकील माणूस पाठवताय, सही करून टाक." म्हटलं, दुसऱ्याच्या हातचं पत्र कशाला? दुसरी पास आहे मी, माझं मी लिहीन. आता वकिलाला पत्र लिहायचं तर कोणत्या? अर्जाच्या खाली शिक्का तुझा, पत्ता तुझा. म्हणून तुला लिहिते. अगंतुगं करते त्याचा राग मानू नको, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील.

इथं सगळे सांगतात, नाशकात लग्न मोडायचं तर दोनच नावं, एक शिरोडे आणि एक तू. सटाण्याच्या बाजारात तर तुला कात्रीबाई म्हणतात. म्हणू दे. कात्रीला धार नसली तर कापड चावल्यासारखं दिसतं.

अर्ज मी तीनदा वाचला. मराठी चांगलंय, पण माझ्याबद्दलचा परिच्छेद नऊ लय कच्चा आहे. त्यात लिहिलंय, की मी पल्लवीला 'तुला काही येत नाही' असं म्हणून अपमान करायची. हा काय टोमणा झाला? हे तर शाळेतले मास्तर म्हणतात. तिची भाकरी बघून मी म्हणाले होते, "चार कोपरे आहेत, सातबाऱ्यावर चढवून घे." तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती ना, म्हणून. त्यावर ती काय म्हणाली ते पण लिही. ती म्हणाली, "आजी, चतुःसीमा तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

पुढं लिहिलंय, मी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं. हे साफ खोटं. पाय काळे का पांढरे बघायला मी काय बैलबाजारात बसते? ती दिवसभर पुस्तकात असायची, तेव्हा मी आमच्या बोलीत म्हणायची, "हाई पोर शे का पोथी, मिटसच नही." तेवढं घाल.

परिच्छेद नऊ नीट करून पाठव. शिक्षा झाली तरी चालंल, पण दुसऱ्याच्या बेचव टोमण्यावर नको.

धोंडाबाई


नाशिक
१८ जानेवारी २०२५

श्रीमती धोंडाबाई खैरनार यांस,

तुमचं पत्र मिळालं. उत्तर द्यावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला.

तुमची गल्लत झाली आहे. मी पल्लवीची वकील आहे. तुम्ही समोरच्या पक्षात आहात. वकीलपत्र म्हणजे वकिलाला लिहिलेलं पत्र नव्हे. 'माझ्या वतीने कोर्टात यांनी बोलावं' असं सांगणारा तो छापील कागद असतो, त्यावर तुम्ही फक्त सही करायची. तो तुम्ही तुमच्या वकिलाला, म्हणजे श्री. शिरोडे यांना द्यायचा आहे. एकदा तो दिलात की मला तुमच्याशी थेट पत्रव्यवहार करता येणार नाही. शिवाय तुम्ही मला जे लिहाल ते मी कोर्टापुढे ठेवू शकते. तेव्हा जपून लिहा. खरं तर लिहूच नका.

परिच्छेद नऊ माझ्या अशिलाने सांगितला तसा लिहिला आहे. सातबाऱ्याच्या वाक्याबद्दल मी तिला विचारलं. ती म्हणाली, वाक्य बरोबर आहे, पण आजींनी उत्तरेची आणि दक्षिणेची सीमा उलटी सांगितली होती.

मात्र तुम्ही तीनदा अर्ज वाचला म्हणता, तर परिच्छेद बारा चौथ्यांदा वाचा. पल्लवी तलाठ्याची परीक्षा पास झाली आहे. चार मार्चला कागदपत्रांची पडताळणी आहे. दहावी, बारावी, पदवी, सगळी मूळ प्रमाणपत्रं तिच्या निळ्या फाइलमध्ये होती आणि ती फाइल तुमच्या घरी राहिली. नव्या प्रती काढायच्या तर विद्यापीठात महिने जातात. चार तारखेला मूळ कागद हातात नसले तर तिची निवड रद्द होईल. बाकीचं भांडण वर्षभर चाललं तरी माझी हरकत नाही. हे एक थांबू शकत नाही.

अॅड. सुवर्णा गायखे


मोरदर
२४ जानेवारी २०२५

वकीलबाई,

वकीलपत्र म्हणजे छापील कागद आणि खाली नुसती सही, हे आज कळलं. ज्यात माझं एक अक्षर नाही त्याला माझं पत्र का म्हणायचं? शिरोडेंचा माणूस तसले तीन कागद ठेवून गेला. पाठीमागून कोरे आहेत, म्हणून हे पत्र त्यातल्याच एकावर लिहिते. वकीलपत्र दिलं नाही असं कोणी म्हणायला नको.

तू लिहितेस, मी समोरची आहे. माहीत आहे. म्हणून तर तुला लिहिते. आपल्या बाजूच्याला काय सांगायचं, त्याला सगळं पाठ असतं. सोयऱ्यांत तंटा झाला की आम्ही समोरच्या घरच्या म्हाताऱ्यालाच निरोप धाडतो. आणि कोर्टापुढे ठेवायचं तर खुशाल ठेव. मोठ्याने वाच, माझं अक्षर बारीक आहे.

तू म्हणशील दुसरी पास बाई एवढं लिहिते कशी. पल्लवीचा आणि माझा महिन्यातून दोनदा तरी अबोला व्हायचा. पण अबोल्यात भांडायचं कसं? मग ती कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून ठेवायची, 'दूध उतू गेलं, लक्ष कोणाचं नव्हतं ते सांगत नाही.' मी खाली लिहायची, 'ज्याचं पुस्तकात होतं त्याचं.' ती लाल पेनाने माझे ऱ्हस्वदीर्घ सुधारून पान परत ठेवायची. भांडणात शुद्धलेखन काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तीन वर्षांत अक्षर सुधारलं. स्वभावाला लाल पेन चालत नाही.

आता परिच्छेद दहा. त्यात लिहिलंय, की रविराजने तिला बजावलं होतं, परीक्षेला गेलीस तर परत येऊ नको. आणि ती परीक्षा देऊन दुपारी परत आली तेव्हा त्याने दार लावून घेतलं. बरोबर आहे, पण अर्धं आहे. आत आम्ही चौघं होतो. उज्वला घासलेलंच पातेलं परत घासत होती. मुलगा पेपर वाचत होता. मी खाटेवर बसले होते. कडी काढायला एक हात लागतो. आठ हात होते घरात. तिने दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा नाही. मग अडीचच्या गाडीने माहेरी पंचवटीला निघून गेली. माझं नाव त्या परिच्छेदात घाल.

परिच्छेद बाराचं मला काही माहीत नाही. कांद्यावर यंदा करपा लय आहे.

धोंडाबाई


नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

धोंडाबाई,

तुमचं पत्र शिरोडेंच्या वकीलपत्राच्या पाठीवर आलं. बावीस वर्षांच्या वकिलीत असा कागद माझ्या टेबलावर प्रथमच आला. मी तो कुलपात ठेवला आहे, कारण शिरोडेंनी पाहिला तर ते आठवडाभर जेवणार नाहीत.

एक गोष्ट सांगते. भांडणारी नवराबायको रोज माझ्यासमोर बसतात. ज्याची भीती नसते त्यावर माणूस भरभरून बोलतो. तुम्ही परिच्छेद नऊवर पानभर लिहिलंत. परिच्छेद दहात तर स्वतःहून स्वतःचं नाव घालायला सांगितलंत. आणि परिच्छेद बारावर एक वाक्य, की लगेच करपा.

रविराजने कोर्टात लेखी म्हणणं दिलं आहे, की फाइल पल्लवी स्वतःच घेऊन गेली. त्याची सही आहे, तुमच्या सुनेची आहे. तुमच्या नावापुढची जागा कोरी आहे. पुढची तारीख सत्तावीस फेब्रुवारी. पडताळणीला त्यानंतर पाचच दिवस उरतात. पल्लवी रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारते आणि मी रोज एकच उत्तर देते.

सुवर्णा गायखे


मोरदर
९ फेब्रुवारी २०२५

वकीलबाई,

शिरोडे वकील काल स्वतः घरी आले. कोट घालून खाटेवर बसले. म्हणाले, "आजी, सगळ्यांनी सह्या केल्या, तुमची एक राहिली." मी म्हटलं, "वाचून दाखवा." त्यांनी वाचलं. मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही." ते म्हणाले, "चष्मा तुमच्या नाकावर आहे." मी म्हटलं, "हा लांबचा आहे." चहा पिऊन गेले. हुशार माणूस आहे, पण चहा बशीत ओतताना कोटावर सांडतो.

आता तुला एक वेगळंच विचारायचंय. आमच्या गल्लीत अंबूबाई म्हणून आहे. माझ्याच वयाची, डोक्याने जरा कमी. तिच्या घरी एक वस्तू होती. चोरीला गेली नाही. नुसती हलवली. या खोलीतून त्या खोलीत. हलवणाऱ्याला वाटलं होतं, चार दिवसांची गोष्ट आहे. पण मग घरातल्या सगळ्यांनी कोर्टात लिहून दिलं, की ती वस्तू घरात नाहीच. तर अंबूबाई विचारते, वस्तू आता सापडली तर लिहून देणाऱ्यांना काय होतं? आणि हलवणाऱ्याला काय होतं? आणि हलवणारा म्हातारा असला तर काही सूट आहे का, एसटीत अर्धं तिकीट असतं तशी?

घाई नाही. पण सत्तावीसच्या आत कळव, अंबूबाईला झोप नाही.

धोंडाबाई


नाशिक
१४ फेब्रुवारी २०२५

धोंडाबाई,

अंबूबाईंची गोष्ट मला समजली. अंबूबाईंना एक नातूही असावा आणि त्याने ती वस्तू लपवली, हे त्यांनी पाहिलं असावं.

मी त्यांच्या विरुद्ध बाजूची वकील आहे, तेव्हा सल्ला देऊ शकत नाही. जे कोणालाही सांगेन तेवढंच सांगते. खोटं माहीत असताना शपथेवर लिहून देणं हा गुन्हा आहे. त्यात वयाला सूट नाही. नातवासाठी तुम्ही गप्प राहिलात तर तो सुटणार नाही, तुम्हीही त्याच्याबरोबर अडकाल. आज्या असं करतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. दर वेळी वाईट वाटतं आणि दर वेळी मी त्यांची उलटतपासणी घेतेच.

त्याला सांगा, वस्तू जिथे असेल तिथून काढ आणि दे. त्याचं पाप तुम्ही पदरात घेऊ नका.

सुवर्णा गायखे


मोरदर
१८ फेब्रुवारी २०२५

वकीलबाई,

एवढी शिकलीस आणि गाडी भलत्याच गावाला नेलीस. रविराजला एवढी अक्कल असती तर त्याचं लग्नच मोडलं नसतं. त्याने त्या फाइलसाठी घर पालथं घातलं. पेटी उपसली, माळ्यावर चढून शिंकत खाली उतरला. त्याला खरंच वाटतं, की तिने नेली. तो दारापुरता वाईट आहे. कागदापुरता खरा आहे. माझ्या नातवाला मी कितीही नावं ठेवीन, पण जे केलं नाही त्याचं नाव दुसऱ्याने ठेवलेलं मला खपणार नाही.

अंबूबाई कोणी नाही. म्हणजे आहे, पण ती बिचारी रात्रभर घोरते.

पल्लवी गेली त्या दुपारीच मी कपाटातून निळी फाइल काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि बाजरीच्या कोठीत तळाला सारली. म्हटलं, बाई कपडे सोडून देते, भांडी सोडून देते, गळ्यातल्या डोरल्यावर पण पाणी सोडते. पण ही पोर या कागदांसाठी येणार. आली की या वेळी कडी मी काढणार होते.

ती आली नाही. तुझा कागद आला.

मग सांगायला गेले तर जीभ हलेना. सत्तर वर्षांत ही जीभ पहिल्यांदा अडली. एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलायला दुप्पट जोर लागतो, तिसऱ्या दिवशी चौपट. असे पाच महिने गेले.

माया वगैरे समजू नको. माझा त्यात स्वार्थ आहे. या घरात मला उलट बोलणारी ती एकटी होती. परवा उज्वलाला म्हटलं, "भाजीत मीठ आहे का मिठात भाजी?" तर ती पदर डोळ्याला लावून बसली. मुलगा पेपर वर धरतो. रविराज म्हणतो, "हो आजी." दिवसभर हो आजी, हो आजी ऐकून माझी जीभ बोथटली. विळी दगडावर घासतात, लोण्यावर नाही.

फाइल काढली आहे. मीच बाजरी उपसली. आता पोस्टाने पाठवू का? पोस्टमनवर माझा भरवसा नाही.

धोंडाबाई


नाशिक
२१ फेब्रुवारी २०२५

धोंडाबाई,

हे पत्र कुरियरने पाठवत आहे.

पोस्टाने पाठवू नका. माझ्या ऑफिसातही आणू नका. मी हातात घेतली तर उद्या कोणीही म्हणेल की मीच ती बाजरीत ठेवली होती. सत्तावीसला सकाळी साडेदहाला फाइल घेऊन स्वतः कोर्टात या. वकीलपत्रावर सही करायची की नाही हा तुमचा प्रश्न आहे. जे मला लिहिलंत ते न्यायाधीशांना सांगा. अंबूबाईंना वगळून.

रविराजबद्दल माझं चुकलं. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

सुवर्णा गायखे


मोरदर
२ मार्च २०२५

वकीलबाई,

सत्तावीसला कोर्टात तू होतीस, तरी तुला काही गोष्टी कळलेल्या नाहीत म्हणून लिहिते.

न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "आजी, तुमचे वकील कोण?" आणि मी तुझ्याकडे बोट केलं, म्हणाले, "पत्रं हिला लिहिते, पण ही समोरची आहे," तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शिरोडे खोकल्याचं निमित्त करून हसत होते. साहेबांनी मला दम दिला, तो वाजवी होता. पुन्हा असं करणार नाही, असं लिहून घेतलं, तेही वाजवी. आता या वयात दुसरी नातसून कुठून आणू?

पण तुला कळलं नाही ते पुढचं. तू साहेबांशी बोलत होतीस तेव्हा पल्लवी टेबलापाशी एकेक कागद मोजून घेत होती. बारावीच्या कागदातून दोन सोंडे निघाले आणि कारकुनाच्या वहीवर चालायला लागले. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "धान्याला पाला लावायचा असतो. बाजरीत किडे झालेत."

पाच महिन्यांत माझ्याशी पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "पाला लावणारी परीक्षेला गेली होती."

ती म्हणाली, "पास पण झाली."

माझं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, तेवढ्यात पट्टेवाला म्हणाला, शांतता. मग तू तिला घेऊन गेलीस. ते वाक्य तसंच घेऊन मी सटाण्यापर्यंत आले. गाडीत रविराज म्हणाला, "आजी, तू?" मी म्हटलं, "हो रविराज."

आता माझं काम ऐक. शिरोडे म्हणत होते, आता दोघं राजीखुशीने वेगळे होतील. होऊ दे. रविराजला तिचं उलट बोलणं झेपत नव्हतं आणि तिला त्याचं दार. पण नवऱ्याशी घटस्फोट झाला म्हणजे आजेसासूशी पण होतो का? कोणत्या कलमाने? लेकरू असलं तर तुम्ही बापाला तारखा लावून देता, अमुक रविवारी भेट. मला लेकरू नको. मला भांडायला तारीख लावून दे. महिन्यातून एक. जास्त मागत नाही.

धोंडाबाई


नाशिक
१६ एप्रिल २०२५

धोंडाबाई,

पल्लवीची पडताळणी व्यवस्थित झाली. तिथल्या साहेबांनी पदवीचं प्रमाणपत्र हातात घेऊन दोनदा हुंगलं, पण स्वीकारलं. नेमणूक पेठ तालुक्यात मिळेल असं दिसतं. तुमच्यावरचा छळाचा अर्ज ती मागे घेत आहे. घटस्फोट दोघांच्या संमतीने होईल. तडजोडीचा मसुदा तयार आहे.

तुमच्या मागणीबद्दल. मी बापांना भेटी लावून दिल्या आहेत, आजोबांना दिल्या आहेत, एकदा एका कुत्र्यासाठी दोन घरांत वार वाटून दिले आहेत. भांडणासाठी भेट कधी मागितली गेली नव्हती. कलम शोधलं, नाही. शिरोडेंना फोन केला. ते आधी हसले आणि मग सवयीने वीस मिनिटं वेळेवरून माझ्याशी भांडले.

पल्लवीला विचारलं. ती म्हणाली, "यायचं तर आजींनी यावं, मी मोरदरला पाय ठेवणार नाही. आणि वेळ लिहून ठेवा. एकदा सुरू झाल्या की त्यांना वेळेचं भान राहत नाही."

तेव्हा मसुद्यात असं घातलं आहे: 'अट क्रमांक सात. गैरअर्जदार क्र. ३ यांना अर्जदारास तिच्या राहत्या ठिकाणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत भेटता व बोलता येईल. काय बोलावे यावर बंधन राहणार नाही. चारनंतर बोलता येणार नाही.' शेवटचं वाक्य पल्लवीचं आहे.

तुम्ही आता या प्रकरणात पक्षकार राहणार नाही. म्हणजे तुम्ही मला लिहिलंत तर मला उत्तर देण्याची मनाई नाही. एवढंच कळवते, आमंत्रण समजू नये.

सुवर्णा गायखे


मोरदर
५ ऑगस्ट २०२५

वकीलबाई,

अट क्रमांक सातची पहिली तारीख परवा, तीन ऑगस्टला झाली. कागदावर सह्या जूनअखेर झाल्या, पण जुलैत तिला नेमणुकीचं गाव मिळायचं होतं, म्हणून तो महिना बुडाला. तो मी धरून ठेवलाय.

शनिवारी पंचवटीत भाचीकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने पेठला पोचले. पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी. पल्लवीची खोली एवढीशी, भिंतीला ओल. एका खिळ्यावर छत्री, एकावर सरकारी दप्तर. पोर वाळली आहे. मी तेच पहिलं बोलले. ती म्हणाली, "तुम्ही पण." मी म्हटलं, "माझं वय वाळायचं आहे." तिथून सुरू झालं.

मध्येच कुसाबाई नावाची एक डोंगरातली म्हातारी आली, तिच्या नावाचं कागदावर कुशाबाई झालंय म्हणून. पल्लवी म्हणाली, "रविवार आहे, आज ऑफिस नाही," आणि तेवढं बोलून तिचा अर्ज लिहून दिला. मी म्हटलं, मग आधीचं वाक्य कशाला खर्च केलंस? त्यावरून एक भांडण झालं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठावरून एक. माझ्या गोळ्या वेळेवर न घेण्यावरून एक, ते तिने जिंकलं. पाच तासांत सहा झाली. दोन मी जिंकले, तीन तिने. एक अर्ध्यात राहिलं.

ते असं, की मी म्हटलं, "बाजरीत ठेवली म्हणून कागद वाळवीतून तरी वाचले." ती चहाचे कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "आजी, फाइल लपवण्यापेक्षा एक निरोप धाडला असता, ये म्हणून, तर?"

मी तोंड उघडलं आणि तिने घड्याळाकडे बोट केलं. चार.

माझी गाडी पाच वीसची होती. ती स्टँडपर्यंत आली, छत्री तिची. बाकावर दोघी शेजारी बसलो. एक तास वीस मिनिटं. ती आता सरकारी माणूस, लिहिलेला कागद मोडणार नाही. मी कोर्टात लिहून दिलेली बाई, मी पण मोडणार नाही. स्टँडवरचा कंट्रोलर दोनदा येऊन विचारून गेला, "आजी, बरं वाटत नाही का?" मी मान हलवली. तिने पण मान हलवली. अशी गप्प मी माझ्या लग्नात पण बसले नव्हते.

तेव्हा कागदात चारच्या जागी साडेपाच कर. एवढा एकच आकडा. शिरोडे वेळेवरून भांडतील, त्यांना भांडू दे, पण कर. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे माझ्याकडे, आणि ते तिला तोंडावरच द्यायचं आहे, तुझ्या पत्रातून नाही.

आणि अजून एक विचारायचंय. बसल्या बसल्या तिने उकडलेल्या शेंगा घेतल्या. सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होती, मी खात होते. गाडी येईपर्यंत पुडा संपला. शेंगा सोलून देणं बोलण्यात धरतात का, तेवढं कळव.

धोंडाबाई